लोडर मॉडेल: 163 पार्ट्सचे 12 होईपर्यंत

3 मार्च

लोडरच्या लिंकेजचं, म्हणजे त्या यंत्राची माल उचलणारी बकेट हलवणाऱ्या दांड्यांच्या जोडणीचं, मॉडेल आज माझ्याकडे आलं. अ‍ॅडम्समध्ये आहे, म्हणजे यंत्रांची हालचाल आणि बळं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. कॅडमधून (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून) पॅरासॉलिड ही भूमितीची फाईल आत घेतली की प्रत्येक सॉलिडचा वेगळा पार्ट बनतो, आणि इथे तसंच सोडलेलं आहे. पिना, वॉशर, बोल्ट, लॉक प्लेटा, बकेटचे दात, सगळे सुटे. एकूण 163 पार्ट. आधी ज्याने मॉडेल बांधलं त्याने प्रत्येक सुटा तुकडा फिक्स्ड जॉइंटने शेजाऱ्याला जखडून टाकला आहे. असे फिक्स्ड जॉइंट मोजले तर 169 निघाले.

सरांची तक्रार एकाच आकड्याबद्दल आहे. टिल्ट सिलिंडरचा (बकेट कलवणाऱ्या सिलिंडरचा) ब्रॅकेट चार बोल्टांवर बसतो. रिपोर्टमध्ये एका बोल्टवर 61 किलोन्यूटन आणि बाकी तिघांवर शून्य. अगदी शून्य, दशांशसुद्धा नाही. सर म्हणाले, "एवढा बघून सांग. सॉफ्टवेअर चुकतंय की आपण?"

मॉडेल व्हेरिफाय चालवलं. ग्रूब्लर काउंट, म्हणजे पार्टांच्या एकूण डिग्री ऑफ फ्रीडम (हालचालीच्या स्वतंत्र वाटा) वजा जॉइंटांनी काढलेल्या, उणे 106. प्रत्यक्ष डिग्री ऑफ फ्रीडम 2. रिडंडंट, म्हणजे बंधनाची जादा, समीकरणं 108.

सर, आपणच.

4 मार्च

हिशोब कागदावर मांडला, कारण उणे 106 नक्की कुठून आलं हे कळल्याशिवाय काहीही हलवायचं नव्हतं.

हलणारे पार्ट 163, प्रत्येकी सहा डिग्री, म्हणजे 978. फिक्स्ड जॉइंट प्रत्येकी सहा काढतो, 169 × 6 = 1014. खरी यंत्रणा चालवणारे जॉइंट 14 आहेत: 11 रिव्हॉल्यूट (फक्त फिरणारे) आणि 3 ट्रान्सलेशनल (फक्त सरकणारे), प्रत्येकी पाच, म्हणजे 70. 978 वजा 1014 वजा 70, उणे 106. जुळलं.

सगळे तुकडे जागच्या जागी धरायला फिक्स्ड जॉइंट लागतात 153. यंत्रणेचे खरे भाग 11, म्हणून सुट्या तुकड्यांना 152 आणि चॅसिस जमिनीला बांधणारा एक. मग वरचे 16 कशाला? बोल्टांमुळे. बोल्ट ब्रॅकेटलाही जखडलाय आणि चॅसिसलाही. चार बोल्ट आणि ब्रॅकेट मिळून पाच पार्ट, त्यांना पाच फिक्स्ड जॉइंट पुरले असते, तिथे आठ आहेत. तीन जादा. बूमच्या (उचलणाऱ्या मुख्य हाताच्या) प्लेटांवर, बेल क्रँकच्या (मधल्या तरफेच्या) कव्हरवर हाच प्रकार.

आता ब्रॅकेटचं बळ चारपैकी कुठल्या वाटेने जाईल? सगळं ताठ असताना याला उत्तरच नाही. स्टॅटिक्सच्या पहिल्या वर्षात शिकतो तो चार पायांच्या टेबलाचा प्रश्न हाच. सॉल्व्हर काय करतो, तर जादा समीकरणं काढून टाकतो आणि पुढे जातो. कुठली काढायची ते तोच ठरवतो. काढलेल्या समीकरणाच्या वाट्याचं बळ शून्य छापलं जातं. म्हणजे 61 हा ब्रॅकेटवरचा एकूण भार आहे आणि तो योगायोगाने एका बोल्टच्या नावावर पडलाय. ते शून्य म्हणजे मोजून आलेलं शून्य नव्हेच.

सरांना सांगितलं की बोल्टांची वाटणी या मॉडेलमधून कधीच मिळणार नाही. हवी असेल तर तिथे बुशिंग (स्प्रिंगसारखा लवचिक जोड) घालून ताठरपणा द्यावा लागेल, नाहीतर ब्रॅकेट फायनाइट एलिमेंटला (भाग किती वाकतो-ताणतो ते काढणाऱ्या पद्धतीला) पाठवावा लागेल. ते म्हणाले, "मग बोल्ट मॉडेलमध्ये ठेवलेतच कशाला?"

तेच तर. उद्यापासून विलीनीकरण.

5 मार्च

सकाळी माउसने सुरुवात केली. दोन रिजिड बॉडी मर्ज करा, एक निवडा, दुसरी निवडा, ओके. चाळीस मिनिटांत 19 झाल्या आणि विसावी चुकीची झाली. स्क्रीनवर वॉशर निवडताना मागची पिन निवडली गेली होती. अनडू केलं, पण त्याआधीच्या 19 बरोबर होत्या याची खात्री आता कोण देणार?

फाईल न साठवता बंद केली.

अ‍ॅडम्सची एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडते. माउसने काहीही करा, त्याची कमांड एव्ह्यू डॉट लॉग या फाईलमध्ये उमटते. एक मर्ज माउसने केला, लॉग उघडला, शेवटची ओळ वाचली. (या वहीत कमांड देवनागरीत लिहिते आहे, फाईलमध्ये अर्थातच रोमन.)

पार्ट मर्ज रिजिड_बॉडी पार्ट_नेम = .लोडर.पिन_12 इनटू_पार्ट = .लोडर.बूम

एवढंच. पार्ट_नेम म्हणजे जो गिळला जाणार तो, इनटू_पार्ट म्हणजे जो उरणार तो. पिनेचं नाव यादीतून जातं, तिची भूमिती आणि मार्कर (जागा आणि दिशा दाखवणाऱ्या खुणा) बूमच्या पोटात जातात.

दुपारी कमांड लँग्वेजमध्ये फॉर लूप लिहिला: मॉडेलमधले सगळे पार्ट घे, नावाच्या सुरुवातीवरून गट पाड, गटातला पहिला तो मुख्य, बाकीचे त्यात घाल. चालवला. संपूर्ण बूम, 1.1 टनांची, 'बोल्ट_एम20_07' मध्ये विलीन झाली. रोमन वर्णानुक्रमात बोल्ट आधी येतो. बूमवर बांधलेलं प्रत्येक मोजमाप अनाथ झालं, आणि ज्या यादीवर लूप फिरत होता तिच्यातलेच पार्ट नाहीसे होत गेल्याने मध्यावर लूपही आडवा पडला.

हसू आलं, पण धडा घेतला. ज्या यादीतून आपण नावं पुसतो आहोत तिच्यावरच लूप फिरवायचा नाही.

7 मार्च

साधा रस्ता धरला. स्प्रेडशीट. पहिल्या रकान्यात सुटा तुकडा, दुसऱ्यात तो कुणात जाणार, तिसऱ्यात सूत्राने जोडून तयार झालेली कमांडची ओळ. तिसरा रकाना उचलून सीएमडी (कमांडच्या) फाईलमध्ये चिकटवला की झालं. शहाणपणाचा कार्यक्रम काही नाही, पण प्रत्येक ओळ डोळ्यांखालून जाते, आणि उद्या कुणी विचारलं की ही लॉक प्लेट कुठे गेली, तर उत्तर रकान्यात आहे.

खरा वेळ दुसरा रकाना भरण्यात गेला. कारण प्रश्न "कोण कुणाला चिकटलंय" हा नाही, "कोण कुणाबरोबर फिरतं" हा आहे. पिनेचंच बघा. बकेट आणि बूम यांच्यातली पिन दोघांतूनही आरपार जाते. ती कुणाची? ड्रॉइंगमध्ये पिनेला फिरू न देणारी लॉक प्लेट शोधली. ती बूमच्या कानावर बोल्टने बसलेली आहे, म्हणजे पिन बूमबरोबर राहते आणि बकेटचा बुश तिच्यावर फिरतो. पिन बूमची, बुश बकेटचा. बेल क्रँकच्या मधल्या पिनेची लॉक प्लेट मात्र उलट बाजूला निघाली. सगळ्या पिना एकाच बाजूला टाकून दिल्या असत्या तर वस्तुमानात फार फरक पडला नसता हे खरं, पण यादी खोटी ठरली असती.

पहिल्या धावेत 23 व्या ओळीवर एरर. वॉशर बोल्टात, बोल्ट ब्रॅकेटात, ब्रॅकेट चॅसिसमध्ये अशी साखळी मी लिहिली होती, आणि क्रम उलटा पडला. ब्रॅकेट आधीच चॅसिसमध्ये गेला होता, मग बोल्ट त्याला शोधत आला तेव्हा त्या नावाचं कुणी नव्हतं. साखळ्या मोडल्या. आता प्रत्येक तुकडा थेट अंतिम मालकातच जातो, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

प्रत्येक मर्जच्या आधी एक डिलीटची ओळही घातली: त्या दोघांमधला फिक्स्ड जॉइंट. जॉइंटचे दोन्ही मार्कर एकाच पार्टवर आले की तो जॉइंट निरर्थक असतो, सॉल्व्हर तो घेत नाही. त्या दोघांत कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकल्यावरचं बळ) असेल तर तोही काढायचा. बुशच्या आत पिनेचा एक कॉन्टॅक्ट कुणीतरी हौसेने घातलेला सापडला.

आणि मार्कर. जवळपास प्रत्येक पार्टमध्ये 'मार्कर_1' नावाचा कुणीतरी आहेच. एका छताखाली आल्यावर यांची नावं काय होतील यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. ज्या मार्करवर मोजमापं टांगली आहेत त्यांना आधीच स्वतःची नावं देऊन ठेवली.

10 मार्च

मोठी धाव घेण्याआधी छोटी चाचणी. मर्ज करताना जडत्व नीट जुळवलं जातं का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

रिकाम्या मॉडेलमध्ये दोन पार्ट केले. पहिला 2 किलोचा, दुसरा 1 किलोचा, वस्तुमानकेंद्रांत एक्स अक्षावर 300 मिमी अंतर. पहिल्याचं स्वतःचं जडत्व तिन्ही अक्षांभोवती 3,000 किलो-मिमी², दुसऱ्याचं 500. एकत्र केंद्र पहिल्यापासून 100 मिमीवर येणार. समांतर अक्षाच्या प्रमेयाने 2 × 100² म्हणजे 20,000 आणि 1 × 200² म्हणजे 40,000, मिळून 60,000. त्यात स्वतःची 3,500. वाय आणि झेडभोवती 63,500 आलं पाहिजे, एक्सभोवती फक्त 3,500.

मर्जच्या आधी टूल्समधल्या अ‍ॅग्रीगेट मासने दोघांची बेरीज काढली: 63,500. ही कागदाशी जुळली म्हणजे मोजपट्टी बरोबर आहे. आता मोठ्या धावेत प्रत्येक गटासाठी हेच करायचं. आधी अ‍ॅग्रीगेट मास लिहून ठेवायचं, मग मर्ज, मग उरलेल्या पार्टचा आकडा शेजारच्या रकान्यात. ज्याला हे फाजील वाटतं त्याने जडत्वं नुसती बेरजेने जोडून बघावी: 63,500 च्या जागी 3,500, अठरा पटींचा फरक, आणि अ‍ॅनिमेशनमध्ये तो दिसतही नाही.

संध्याकाळी मोठी धाव. मर्जच्या 152 ओळी. एकही एरर नाही. 163 चे 11 झाले: चॅसिस, बूम, बेल क्रँक, लिंक, बकेट, तीन सिलिंडर आणि त्यांचे तीन रॉड.

शेवटी एक ओळ जास्तीची घातली. आयात करताना काही तुकड्यांना मटेरियल चिकटलं नसेल अशी शंका होती, म्हणून अकराही पार्टना एकदम स्टील लावून टाकलं. कॅडच्या तक्त्यात एकूण वजन 5,647.9 किलो आहे, माझं 5,645.3 आलं. अडीच किलोचा फरक. बरोबरची खूण केली, मशीन बंद केलं, घरी.

11 मार्च

ती खूण चुकीची होती.

सकाळी बकेट भरलेली आणि बकेट रिकामी अशा दोन धावा घेतल्या. रिकामी धाव जुन्या फाईलमधून, मालाचा गोळा काढून टाकलेली. लिफ्ट सिलिंडरच्या बळाचे दोन आलेख एकमेकांवर ठेवले तर जवळपास एकच रेघ. म्हणजे बकेटमध्ये 1,800 किलो माल आहे की नाही याची बूमला खबरच नाही.

मॉडेलमध्ये माल हा 100 मिमी त्रिज्येचा एक गोळा आहे. आकार दाखवण्यापुरता, वस्तुमान हाताने भरलेलं: 1,800. कालच्या धावेत तो बकेटमध्ये विलीन झाला, आणि त्यानंतर मी बकेटला स्टील लावलं. मटेरियल लावलं की पार्टचं वस्तुमान भूमिती आणि घनतेवरून नव्याने काढलं जातं, हाताने भरलेलं पुसलं जातं. 100 मिमी त्रिज्येचा स्टीलचा गोळा भरतो 32.7 किलो. 1,767.3 किलो एका ओळीत गायब.

मग काल आकडा जुळला कसा? हे शोधायला अर्धा दिवस गेला, आणि आठवड्यातला सगळ्यात उपयोगी अर्धा दिवस तोच. कॅडच्या तक्त्यात माल धरलेलाच नाही, तो फक्त पोलादाचा तक्ता. त्यांची घनता 7,850. अ‍ॅडम्समधल्या स्टीलची घनता 7,801. तेच पोलाद माझ्याकडे 5,612.6 किलो भरतं, त्यांच्याकडे 5,647.9. म्हणजे मी 35.3 किलोने कमी असायला हवी होते. पण गोळ्याचे 32.7 किलो त्यात मिसळले आणि खड्डा जवळजवळ भरून निघाला. दोन चुका एकमेकींच्या पदराआड लपल्या.

मर्जच्या आधीची बेरीज माझ्या त्याच स्प्रेडशीटमध्ये होती, 7,412.6. काल शेजारचा रकाना भरायच्या आधीच तक्त्याचा आकडा दिसला आणि मी तिकडे धावले. असो.

स्टीलची ओळ उडवली. मटेरियल नसलेले पार्ट मर्जच्या आधी, एकेक करून तपासले. असा एकही निघाला नाही.

दुसरा निर्णय असा की मालाचा गोळा बकेटमध्ये विलीन करायचाच नाही. बकेट रिकामी होताना तो सुटायला हवा, आणि विलीन झालेला पार्ट सिम्युलेशनच्या मध्यावर सुटत नाही. फिक्स्ड जॉइंट मात्र स्क्रिप्टमधून डीअ‍ॅक्टिव्हेट करता येतो. शिवाय त्या जॉइंटमधलं बळ मला बघायचं आहे. तेव्हा पार्ट 12, मर्ज 151.

कॅडवाल्यांनी प्लेटांच्या वेल्डच्या जागी एका सॉलिडला दुसऱ्यात 6 मिमी घुसवलंय, हेही आज दिसलं. मर्ज म्हणजे दोन सॉलिडचं बूलियन युनाइट (दोन आकारांचा मिळून एकच आकार करणं) नव्हे. दोन्ही सॉलिड एका पार्टखाली शाबूत राहतात आणि घुसलेला भाग दोनदा मोजला जातो. 300 × 200 × 6 चा तुकडा, 2.8 किलो. बूमच्या मानाने काहीच नाही, सोडून दिलं. फक्त नोंद.

13 मार्च

नवी धाव, 151 मर्ज. वस्तुमानाचे बाराही आकडे आधीच्या अ‍ॅग्रीगेट मासशी जुळले, जडत्वंही. एका सिलिंडरची टोपी पूर्वी कुणीतरी 4 मिमी सरकवून ठेवली होती. मर्ज जो तुकडा जिथे असेल तिथेच गोठवतो, त्यामुळे ती आता कायमची 4 मिमी बाहेर. मागे गेले, जागेवर बसवली, पुन्हा धाव. पाच मिनिटांचं काम, फाईल हाताशी असल्यामुळे.

108 पैकी 96 रिडंडंट त्या जादा 16 फिक्स्ड जॉइंटांबरोबर गेले. मग उरलेले 12. हे बोल्टांमुळे नाहीत, यंत्रणेतलेच आहेत. सगळी यंत्रणा एका प्रतलात चालते आणि सगळे जॉइंट रिव्हॉल्यूट किंवा ट्रान्सलेशनल. अशा प्रत्येक बंद साखळीत तीन समीकरणं जास्त होतात, आणि इथे चार साखळ्या आहेत. तिन्ही सिलिंडरांत मागच्या टोकाला हुक (दोन अक्षांभोवती फिरणारा) केला, नळी आणि रॉड यांच्यात ट्रान्सलेशनल तसाच ठेवला, रॉडच्या टोकाला स्फेरिकल (सगळ्या दिशांना फिरणारा). प्रत्येक साखळीतले तीन गेले. चौथ्या साखळीत लिंकच्या एका टोकाला स्फेरिकल, दुसऱ्याला हुक. दोन्ही टोकांना स्फेरिकल टाकण्याचा मोह होतो, पण मग लिंक स्वतःभोवती गोल फिरायला मोकळी होते आणि तिसरी डिग्री ऑफ फ्रीडम कुठून आली म्हणून आपण शोधत बसतो. मी बसले आहे, दुसऱ्या एका मॉडेलमध्ये, बराच वेळ.

बारा पार्ट 72. दोन फिक्स्ड 12. बाकीचे 58. ग्रूब्लर काउंट 2, प्रत्यक्ष डिग्री 2, रिडंडंट शून्य. ग्रूब्लर ही निव्वळ बेरीज-वजाबाकी आहे, तिला भूमिती दिसत नाही, म्हणून दोन्ही आकडे एकच येणं बरं वाटतं.

स्थिर स्थितीत दोन तपासण्या. चॅसिसच्या जॉइंटमध्ये 72.69 किलोन्यूटन, म्हणजे 7,412.6 किलो गुणिले 9.80665. मालाच्या जॉइंटमध्ये 17.65, म्हणजे 1,800 किलो. भरलेल्या आणि रिकाम्या बकेटच्या रेघा आता एकमेकींपासून चांगल्या दूर आहेत.

वेळ: तेच 12 सेकंदांचं चक्र, त्याच सॉल्व्हरवर, आधी 11 मिनिटं 40 सेकंद, आता 48 सेकंद. एका पार्टमागे अ‍ॅडम्स 15 समीकरणं लिहितं: स्थान, कोन, वेग, कोनीय वेग, कोनीय संवेग, प्रत्येकी तीन. फिक्स्ड जॉइंटची आणखी सहा. एका मर्जमागे 21 गेली, 151 मर्जमागे 3,171.

14 मार्च

सरांना दाखवलं. त्यांनी आधी ब्रॅकेट शोधला. "बोल्ट कुठे गेले?"

"चॅसिसमध्ये. वस्तुमान आहे, पण बोल्टागणिक बळ विचारायला जागा नाही. ब्रॅकेटवरचा एकूण भार सिलिंडरच्या मागच्या पिनेवर मिळेल, तो फायनाइट एलिमेंटवाल्यांना देते."

"61 चं काय?"

"62.4 झालं, पिनेवर. आता ते एका बोल्टच्या नावावर नाही."

मालाचा जॉइंट 9 व्या सेकंदाला डीअ‍ॅक्टिव्हेट करून बघितला. गोळा सुटतो, बकेटच्या तळातून आरपार खाली जातो कारण कॉन्टॅक्ट दिलेला नाही, आणि बूम वर उसळते. उसळी खरी वाटते, पण सिलिंडरांतल्या तेलाचा ताठरपणा अजून अंदाजाने घेतलेला आहे. तो आकडा हायड्रॉलिक्सवाल्यांकडून सोमवारी येणार.

फोल्डरमध्ये तीन गोष्टी ठेवल्या: मूळ 163 पार्टची फाईल, स्प्रेडशीट, आणि सीएमडी. नवीन कॅड आलं की स्प्रेडशीटचा दुसरा रकाना पुन्हा तपासायचा आहे. बेल क्रँकची पिन ते बदलणार आहेत म्हणे, आणि लॉक प्लेटही.